रस्ता कुणाच्या रानातून?

देवीची शक्तिपीठं जोडत गोव्याकडे जाणाऱ्या नियोजित शक्तिपीठ महामार्गाचा विषय निघाला की अमेरिकेतल्या आम्हा कोल्हापूरकरांच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं: "आपल्या लोकांना विकासच नको." नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग 2025 मध्ये पूर्ण सुरू झाला, मग या रस्त्याला कोल्हापूरनेच आडवं का यावं, असा सूर असतो. बोलणारी माणसं वाईट नाहीत. इथले रस्ते रोज वापरून ती तसं बोलतात. मीही तेच रस्ते वापरते, आणि तरी मला ते वाक्य पटत नाही.

मी नॉर्थ कॅरोलायनात राहते, गाणं शिकवते, मराठी मंडळांत मैफली करते. माझा धाकटा भाऊ भुदरगड तालुक्यात ऊस करतो आणि उत्तम तबला वाजवतो. तो इकडे आला तेव्हा आम्ही दोघं गाडीत तानपुरा, पेटी आणि तबला घालून इंटरस्टेट 40 ला लागलो आणि वाटेत कार्यक्रम करत पार कॅलिफोर्निया गाठलं. विल्मिंग्टनपासून बार्स्टोपर्यंतचा हा रस्ता चार हजार किलोमीटरहून लांब आहे. रस्ता सुंदर आहे, त्यात वाद नाही. असा रस्ता नसता तर दोन गावांच्या मैफली लागोपाठ घेणं माझ्यासारखीला जमलंच नसतं.

पण नॅशव्हिलला आम्ही जेफरसन स्ट्रीट बघायला मुद्दाम थांबलो. कृष्णवर्णीयांची ही पेठ एकेकाळी क्लबांनी गजबजलेली होती. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला, नाव व्हायच्या आधी, गिटारवादक जिमी हेंड्रिक्स इथे वाजवायचा. मग त्याच दशकाच्या अखेरीस हा आमचाच इंटरस्टेट 40 त्या वस्तीच्या मधून काढला. सहाशेहून जास्त घरं पाडली, दुकानं गेली, क्लब गेले. लोक कोर्टात गेले होते. 1957 साली झालेल्या जनसुनावणीची जी नोटीस टपाल कार्यालयांत लावली, तिच्यावर तारीखच चुकीची होती. सुनावणी नीट झाली नाही हे अपील कोर्टालाही दिसलं, पण त्यांनी रस्ता थांबवला नाही, आणि 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

आता तिथे पुलाच्या खांबांवर रंगीत चित्रं आहेत, त्या वस्तीची आठवण म्हणून. वरून ट्रक गेला की खांब हादरतो. भावाने त्याला तळहात लावून बघितला, मग म्हणाला, "आक्का, बसायची जागाच मोडली तर पोरांनी ऐकायचं कुठं?" आम्ही दोघंही ऐकून ऐकून शिकलेले, त्यामुळे हा प्रश्न मला फार खोल लागला. शाहू महाराजांनी थोर गायक अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापुरात आणलं आणि त्यांचं गाणं इथे रुजलं, ते ऐकणारी माणसं आणि बसायच्या जागा होत्या म्हणून. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळलं तेव्हा सारं शहर हळहळलं. इमारत पुन्हा उभी करता येते. अख्खी वस्ती उठवली तर ती भरपाईच्या पैशांत पुन्हा बसत नाही, जेफरसन स्ट्रीटवर हे डोळ्यांनी दिसतं.

त्याच रस्त्यावर पुढे मेंफिस लागतं. तिथे हाच इंटरस्टेट ओव्हरटन पार्कमधून न्यायचा होता. नागरिक लढले, आणि 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की व्यवहार्य आणि शहाणपणाचा दुसरा मार्ग असेल तर सरकारी पैशाने बागेतून रस्ता नेता येणार नाही. शेवटी रस्ता उत्तरेकडून वळवला. त्या बागेत 1936 साली बांधलेला खुला रंगमंच आहे. 1954 च्या जुलैत तरुण एल्विस प्रेस्ली तिथे गायला होता, आणि आजही तिथे फुकट मैफली होतात. मेंफिसला विकासविरोधी म्हणणारा मला कुणी भेटला नाही. गाड्या थोड्या वळसा घालून जातात, एवढंच.

टेक्सास ओलांडून न्यू मेक्सिकोत शिरलो तशी हवा कोरडी ठणठणीत झाली. कातडं आवळून तबल्याचा सूर वर चढला. रस्त्याकडेच्या विश्रांतीच्या जागी भाऊ मांडी घालून बसला, वाद्यांखालचा एकेक लाकडी गट्टा हातोडीने वर सरकवत वाद्या सैल केल्या, पुडीच्या कडेच्या गजऱ्यावर खालून हलके ठोके देत पुडी उतरवून सुरात आणली. हात चालू असताना तो समोरच्या माळाकडे बघत बोलला, "हितं रस्ता गेला तरी रान उरतंय. आपल्यात रस्ता गेला की रानच संपतंय." आमच्याकडे जमीन गुंठ्यांत मोजतात, हे इंटरस्टेटचं उदाहरण देणाऱ्यांच्या ध्यानातच राहत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. शक्तिपीठचा मूळ आराखडा वर्धा जिल्ह्यातल्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत 802 किलोमीटरचा, बारा जिल्ह्यांतून जाणारा. आमच्या जिल्ह्यात तो शिरोळपासून आजऱ्यापर्यंत बागायती पट्ट्यातून आणि नद्यांच्या खोऱ्यातून जात होता. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट. 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला; 2021 ला पुन्हा तेच. आहे त्या रस्त्यांच्या भरावाने पाणी तुंबतं, हे पूर बघितलेला कुठलाही माणूस सांगेल. त्यात आणखी एक भराव कसा झेपणार, हा प्रश्न विचारणं म्हणजे हट्ट नव्हे.

शिवाय कोल्हापूर शहराला रस्त्यांचे प्रश्न विचारायची सवय आहे. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं टोलविरोधी आंदोलनात उतरली होती, आणि शहरातला टोल शेवटी गेला. शक्तिपीठच्या बाबतीत 2024 च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर कोल्हापूरची भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली आणि निवडणुकीनंतर विषय पुन्हा उभा राहिला. मग मार्ग बदलण्याची भाषा आली. अशा वेळी शेतकऱ्याने कशावर विश्वास ठेवायचा?

अंबाबाईच्या नावाचा आधार घेऊन रस्ता मागितला जातो, त्याचं मला दुःख होतं. देवीला येणारे भक्त आजही रेल्वेने, एसटीने येतातच.

कोल्हापूरला रस्ते नकोत असं मी म्हणत नाही. भावालाही मोठा रस्ता आवडला. त्याने ॲरिझोनात गाडी माझ्याकडे परत द्यायलाच नको म्हटलं. पण नागपूर-रत्नागिरी महामार्ग आधीच आहे. तो असताना समांतर दुसरा का लागतो, याचं उत्तर सरकारने आकडे मांडून द्यावं. भराव किती उंच, मोऱ्या किती, पुराचं पाणी कुठल्या गावात किती चढेल, याचा अभ्यास त्या त्या गावच्या ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावा, हरकती लेखी घ्याव्यात आणि त्यांना लेखी उत्तरं द्यावीत. मोजणीची माणसं रानात त्यानंतर पाठवावीत, पोलीस बंदोबस्ताशिवाय.