गच्च फुगवलेल्या गादीचा गैरसमज

दुचाकीवरून लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांमध्ये एक संदेश फिरत असतो, आणि सुट्ट्यांचे बेत ठरू लागले की तो नव्याने हाती येतो. मजकूर थोडक्यात असा: सीटवर बांधायची हवेची गादी जितकी जाड आणि जितकी घट्ट फुगवलेली, तितका आराम अधिक. एकदा हवा भरली की प्रवास संपेपर्यंत तिच्याकडे पाहावे लागत नाही. खड्ड्यांचे धक्के ती पूर्णपणे शोषून घेते, त्यामुळे कंबरदुखी, मूळव्याध आणि मणक्यातील सरकलेली गादी या सर्वांवर ती उपाय आहे. तिच्यावर सलग आठ तास बसता येते. जेलची गादी म्हणजे पैसे पाण्यात. आणि खर्च करायचा नसेल तर सायकलची जुनी ट्यूब सीट कव्हरखाली घातली तरी तेच काम होते.

मी स्वतः सहा वर्षे हवेची गादी वापरतो आणि ती उपयोगी आहे असेच माझे ठाम मत आहे. म्हणूनच हा संदेश मला खटकतो. त्यावर विसंबून गादी घेणाऱ्याला पहिल्याच प्रवासात त्रास होतो, तो गादीलाच दोष देतो आणि ती माळ्यावर धूळ खात पडते.

सर्वांत आधी घट्ट हवेचा दावा पाहू, कारण बाकीच्या बहुतेक चुका त्यातूनच निघाल्या आहेत. आपण बसतो तेव्हा शरीराचे बरेचसे वजन कमरेच्या हाडाच्या तळाशी असलेल्या दोन टोकांवर येते. कठीण बाकावर तळहात खाली घेऊन बसले तर ही टोके हाताला स्पष्ट टोचतात. सीटचा फोम दबत गेला की दाब या दोन ठिकाणीच एकवटतो, तिथला रक्तपुरवठा कमी होतो, आधी जळजळ सुरू होते आणि मग बधिरपणा येतो. हवेच्या गादीचे कप्पे आतून एकमेकांना जोडलेले असल्यामुळे हाडांखाली दबलेली हवा शेजारच्या कप्प्यांत सरकते, ते कप्पे वर येऊन मांड्यांना आणि भोवतालच्या मांसल भागाला टेकतात, आणि बंदिस्त हवेचा दाब सगळीकडे सारखाच असल्याने वजन मोठ्या क्षेत्रावर वाटले जाते. त्यासाठी हाडे गादीत रुतली पाहिजेत. गच्च फुगवलेल्या गादीत ती रुततच नाहीत. आपण चेंडूवर बसावे तसे तिच्या माथ्यावर बसतो, टेकणारे क्षेत्र घटते आणि मूळ सीटवर होता त्यापेक्षाही दाब वाढू शकतो. वळणावर गाडी एकीकडे आणि आपण दुसरीकडे असे होऊ लागते ते वेगळेच. चाकाच्या खुर्चीत दिवस काढणाऱ्या रुग्णांसाठी हवेच्या गाद्या अनेक दशके वापरात आहेत, आणि तिथेही हाड व गादीचा तळ यांच्यात साधारण दीड-दोन सेंटीमीटर अंतर उरेल एवढीच हवा ठेवायला सांगतात.

हे अंतर साधण्याची रीत सोपी आहे. गाडी डबल स्टँडवर लावावी, ज्या कपड्यांत प्रवास करायचा त्याच कपड्यांत, पाय फुटरेस्टवर आणि हात हँडलवर ठेवून बसावे, आणि भरपूर फुगवलेल्या गादीचा व्हॉल्व्ह अगदी हळूहळू उघडावा. सुरुवातीला तरंगल्यासारखे वाटते, मग शरीर खाली उतरत जाते, मांड्यांच्या मागच्या बाजूला गादीचा स्पर्श जाणवू लागतो, आणि एका क्षणी हाड खालच्या सीटला टेकल्याचे कळते. तिथे व्हॉल्व्ह बंद करून दोन-तीन फुंका परत भराव्या. उठून पाहिल्यावर ही गादी इतकी लुळी दिसते की बहुतेकांना हवा कमी पडली असे वाटून ती पुन्हा भरण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा.

‘एकदा भरली की झाले’ हे विधान आपल्या घाटांच्या मुलुखात तर मुळीच टिकत नाही. पोलादपूर जवळजवळ समुद्रसपाटीच्या पातळीवर आहे आणि तिथून आंबेनळी घाटाने सुमारे ४० किलोमीटरवर असलेले महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तेवढी उंची चढताना बाहेरच्या हवेचा दाब इतका घटतो की गादीतील तीच हवा सुमारे एक षष्ठांशाने फुगू पाहते. पहिल्या वर्षी मी पोलादपूरला चहा घेताना गादी व्यवस्थित बसवून घेतली होती. वाडा कुंभरोशीपर्यंत येता येता ती खालून ढकलू लागली, आणि प्रत्येक वळणावर मी एका बाजूला घसरतो आहे असे वाटू लागले. प्रतापगडाच्या फाट्याजवळ गाडी थांबवली, बसल्या जागी व्हॉल्व्ह जेमतेम पाव वळसा फिरवला, तीन-चार सेकंद हवा सुटल्याचा बारीक आवाज आला आणि गादी पूर्ववत झाली. परतताना याच्या उलट घडले. महाबळेश्वरला नीट असलेली गादी कोकणात उतरेपर्यंत सैल पडली, गतिरोधकावर हाड सीटला आपटले, आणि मी पंक्चर शोधत बसलो. पंक्चर नव्हतेच. चढावर हवा सोडायची आणि उतारानंतर दोन फुंका मारायच्या, एवढाच त्याचा इलाज. मनालीहून लेहला जाणाऱ्यांनी तर हे विशेष लक्षात घ्यावे, कारण मनाली सुमारे २,०५० मीटरवर आणि वाटेतील ‘तंगलांग ला’ ही खिंड सुमारे ५,३०० मीटरवर आहे, आणि एवढ्या चढात गादीतील हवा जवळजवळ दीडपट जागा मागते.

उन्हाचेही असेच आहे. सकाळी २५ अंशांना भरलेली गादी दुपारी ढाब्याबाहेर उन्हात ५० अंशांपर्यंत तापली तर आतली हवा सुमारे ८ टक्क्यांनी वाढते. गादी गच्च भरलेली असेल तर सगळा ताण सांध्यांवर येतो. जेवायला थांबताना व्हॉल्व्ह थोडा सैल करावा किंवा गादीवर जॅकेट टाकून ठेवावे.

या सर्वांवरून निवडीचा पहिला निकष ठरतो, आणि तो जाडीचा नाही. व्हॉल्व्ह बसल्या जागी, शक्यतो डाव्या मांडीच्या पुढे, हातमोजा घातलेल्या हाताला सापडेल असा हवा आणि त्यातून हवा थोडी थोडी सोडता यायला हवी. बूच काढताच सगळी हवा भसकन जाणारी गादी पोहण्याच्या तलावात शोभते. ती प्रवासाच्या कामाची नाही.

जाडीबद्दलही सांगायला हवे. योग्य हवा असलेली गादी बसल्यावर उंची साधारण दोन-अडीच सेंटीमीटरनेच वाढवते, पण जाड आणि गच्च गादी त्याच्या दुप्पट वाढवू शकते. हीरो स्प्लेंडरच्या सीटची उंची ७८५ मिलिमीटर आणि रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ची ८०५ मिलिमीटर आहे. ज्यांचे पाय या उंचीला जेमतेम टेकतात त्यांना सामान लादलेली गाडी घाटात, उतारावर, खडीत थांबवताना एवढा फरकही महागात पडतो. उंच माणसाला मात्र वाढलेल्या उंचीचा फायदा होतो, कारण सीट आणि फुटरेस्ट यांच्यातील अंतर वाढून त्याचे गुडघे कमी दुमडतात.

आता आजारांकडे येऊ, कारण संदेशातील सर्वांत धोकादायक भाग तोच आहे. मणक्यांमधील चकतीलाही आपण बोलण्यात गादीच म्हणतो, आणि एका गादीचा इलाज दुसऱ्या गादीने होतो हे ऐकायला पटते. प्रत्यक्षात बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण ४ ते ६ आवर्तनांच्या उभ्या हादऱ्यांना सर्वाधिक प्रतिसाद देतो, आणि खराब रस्त्यावरचे गचके याच पट्ट्यात येतात. इंजिनची बारीक थरथर याहून कितीतरी वेगवान असते. एक सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल तर ती सेकंदाला सुमारे ६७ आवर्तने होतात. ती थरथर गादी चांगली कमी करते, आणि त्यामुळे ‘सगळे धक्के गेले’ असा भास होतो. पण दोन सेंटीमीटर हवेचा थर मोठ्या गचक्याला अडवू शकत नाही, उलट मऊ बैठक काही वेळा तो वाढवतेही. ते काम शॉक अॅब्सॉर्बरचे आहे. मागच्या शॉक अॅब्सॉर्बरच्या स्प्रिंगचा ताण आपल्या आणि सामानाच्या वजनाप्रमाणे लावून घेणे, टायरमधील हवा तपासणे आणि मोठा खड्डा दिसताच फुटरेस्टवर वजन घेऊन किंचित उठणे, यांनी कंबरेला जे मिळते ते कोणतीही गादी देणार नाही. ज्यांना मणक्याचा निदान झालेला त्रास आहे त्यांनी प्रवासापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

मूळव्याधीसाठी अनेकजण मध्ये भोक असलेली गोल गादी सीटवर बांधतात. अशा कड्यावर बसल्याने मधल्या भागाभोवती दाबाचे वर्तुळ तयार होते आणि तिथले रक्त परत जाण्यास अडथळा येतो, म्हणून दीर्घकाळ बसणाऱ्या रुग्णांसाठी ती वापरू नये असे सांगितले जाते. पुढून मागे जाणारी उथळ खाच असलेली गादी वेगळी. तिच्यामुळे माकडहाडावरचा आणि मांड्यांच्या मधल्या नाजूक भागावरचा भार खरोखर कमी होतो. आणि त्या भागाला मुंग्या येत असतील तर गादी बदलण्याआधी विजार बदलून पाहावी, कारण जीन्सची जाड शिवण नेमकी तिथेच येते.

सलग आठ तासांच्या दाव्याला फार वेळ देण्याचे कारण नाही. चार तास किंवा त्याहून अधिक काळ हालचाल न करता बसून केलेल्या प्रवासात शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये जाहीर केले. मुळात हा धोका बहुतेकांसाठी लहान असला तरी गादी तो घालवत नाही. उलट, दुखणे कमी झाल्यामुळे थांबण्याची आठवणच राहत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. मी दर सव्वा तासाला उतरतो, दुखत असो वा नसो.

जेलला टाकाऊ म्हणणे अन्यायाचे आहे. जेलची गादी जड असते, उन्हात तापते आणि दाब हवेइतका समान वाटत नाही, पण तिची हवा सांभाळावी लागत नाही आणि वळणावर ती डोलत नाही. रोज तीस-चाळीस किलोमीटर जाणाऱ्याला ती किंवा साधी जाळीची गादी पुरते.

राहिली सायकलची ट्यूब. हा सल्ला काटकसरीतून आलेला आहे आणि त्यामागचा विचार मी समजू शकतो, तत्त्वही अर्धे बरोबर आहे. पण ट्यूब म्हणजे एकच सलग कप्पा. वळणावर वजन झुकले की हवा विनाअडथळा दुसऱ्या बाजूला पळते आणि माणूस कलतो. चांगल्या गादीत कप्प्यांना जोडणारी छिद्रे लहान ठेवलेली असतात, त्यामुळे हवा सावकाश सरकते आणि बैठक स्थिर राहते. शिवाय ट्यूबचा धातूचा व्हॉल्व्ह कव्हरखाली कुठे टोचेल याचा नेम नाही. पैसे कमी असतील तर त्यापेक्षा कुशनवाल्याकडून सीटचा दबलेला फोम बदलून घेणे कितीतरी बरे.

गादी घ्यायचीच असेल तर तिचा तळ सीटपेक्षा रुंद नसावा, खालचे कापड न घसरणारे असावे, वरचे कव्हर जाळीचे आणि धुता येणारे असावे. पट्टे सीटखालून घेऊन उरलेली टोके गुंडाळून शिवून टाकावीत, कारण मोकळे टोक सायलेन्सरला टेकून वितळते किंवा चेनमध्ये जाते. घरी आणल्याच्या दिवशीच कव्हर काढून ती भरावी आणि टबातल्या पाण्यात एकेक कोपरा दाबून धरावा. गळती असलीच तर बहुतेक वेळा व्हॉल्व्हच्या बुडाशी, मोहरीएवढ्या बुडबुड्यांची एक रांग वर येताना दिसते. त्यानंतर पुसून, त्यावर धान्याचा डबा ठेवून ती रात्रभर तशीच राहू द्यावी, आणि सकाळी डबा खाली बसलेला दिसला तर बदलून देण्याची मुदत संपण्याआधी गादी दुकानात परत न्यावी.