युनिस्ट शून्यातून उभे राहिलेले नाही

गेली काही वर्षे समाजमाध्यमांवर एक मजकूर थोड्याफार फरकाने फिरत असतो. त्याचा आशय असा की, दक्षिण कोरियाने 2009 साली उल्सान शहराबाहेरच्या ओसाड डोंगराळ जागेत शून्यातून एक विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ उभारले. सरकारला दूर ठेवून ते उद्योगपतींच्या पैशावर चालवले. सगळे शिक्षण इंग्रजीतून दिले. परदेशी शास्त्रज्ञ बोलावले. आणि दहा वर्षांच्या आत ते देशातले पहिल्या क्रमांकाचे विद्यापीठ झाले. मजकुराच्या शेवटी ठरलेला टोमणा असतो: जमीन आणि पैसा मिळाला तर हे आपल्याकडेही दहा वर्षांत होईल, फक्त इच्छाशक्ती हवी.

हे विद्यापीठ म्हणजे उल्सान राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संस्था, म्हणजेच युनिस्ट. मार्च 2009 मध्ये तेथे पहिले विद्यार्थी दाखल झाले, वर्ग इंग्रजीतून चालतात, आणि बॅटरी, सौरघट व कार्बनी पदार्थ या विषयांत तेथे झालेले काम जगभर वाचले जाते, एवढे सारे खरे आहे. कौतुकाला हरकत नाही. हरकत आहे ती त्या यशाची जी कारणे सांगितली जातात त्यांना, कारण त्यांतले जवळजवळ प्रत्येक कारण एकतर चुकीचे आहे किंवा अर्धवट आहे, आणि त्यावरून आपल्याकडच्या धोरणाविषयी काढलेला निष्कर्षही त्यामुळे डळमळीत होतो.

सर्वांत आधी ‘शून्यातून’ या विधानाकडे पाहू. उल्सान हे 1962 साली विशेष औद्योगिक क्षेत्र म्हणून घोषित झालेले शहर आहे. ह्युंदाईचा मोटारींचा प्रचंड कारखाना, जगातल्या सर्वांत मोठ्या जहाजबांधणी गोद्यांपैकी एक आणि तेलशुद्धीकरण व पेट्रोरसायनांचे विस्तीर्ण संकुल एकाच शहरात असल्यामुळे दरडोई उत्पन्नाच्या बाबतीत ते कोरियात दीर्घकाळ अग्रभागी राहिले आहे. 1997 साली त्याला महानगराचा दर्जा मिळाला, तरीही दहा लाखांहून अधिक वस्तीच्या या शहरात एकही राष्ट्रीय विद्यापीठ नव्हते. हुशार मुले सोलला किंवा बुसानला जात. राष्ट्रीय विद्यापीठाची मागणी शहराने कित्येक वर्षे लावून धरली होती, आणि राजधानीबाहेरच्या प्रदेशांना बळ देण्याचे धोरण राबवणाऱ्या राष्ट्राध्यक्ष रो मू-ह्यून यांच्या कारकिर्दीत ती मान्य झाली. ज्याला ओसाड जागा म्हटले जाते ती उल्जू परगण्यातली टेकड्यांमधली जागा खरी, पण तिच्या मागे कोरियाच्या अवजड उद्योगांचे साडेचार दशकांचे शहर उभे होते आणि विद्यापीठ सुरू झाल्यावर पुढच्याच वर्षी त्या भागात वेगवान रेल्वेचे स्थानकही आले.

‘शून्य’ दुसऱ्या अर्थानेही नव्हते, आणि तो अर्थ मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कोरियात विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ कसे काढायचे, याचा आराखडा 2009 पूर्वी जवळजवळ चाळीस वर्षे वापरात होता. 1966 साली अमेरिकेच्या मदतीने किस्ट ही संशोधन संस्था निघाली. 1970 साली स्टॅनफर्डच्या फ्रेडरिक टर्मन यांच्या पथकाने पदव्युत्तर विज्ञान संस्थेचा अहवाल दिला आणि 1971 साली, अमेरिकी विकास संस्थेच्या 60 लाख डॉलरच्या कर्जाच्या आधारे, आजच्या कायस्ट या प्रगत विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाची मूळ संस्था स्थापन झाली. तिच्यासाठी स्वतंत्र कायदा करून ती शिक्षण मंत्रालयाऐवजी विज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत ठेवली गेली आणि तिच्या विद्यार्थ्यांना लष्करी सेवेतून सूट देण्यात आली. सक्तीची लष्करी सेवा असलेल्या देशात ही सवलत शिष्यवृत्तीपेक्षा मोठी होती. पुढे 1986 साली पोलाद कंपनी पोस्कोने पोहांगमध्ये पोस्टेक स्थापन केले, 1993 साली ग्वांगजूमध्ये जिस्ट आले आणि त्यानंतर देगूमध्ये डीजिस्ट. युनिस्ट हे या मालिकेतले धाकटे भावंड आहे. त्याचे पहिले तीन अध्यक्ष पाहिले तरी हे कळते: चो मू-जे हे आधी ग्योंगसांग राष्ट्रीय विद्यापीठाचे अध्यक्ष होते, जोंग मू-योंग पोस्टेकचे प्राध्यापक होते आणि ली योंग-हून यांची बहुतेक कारकीर्द कायस्टमध्ये गेली होती. नव्या संस्थेला चालवणारी माणसे जुन्या संस्थांनी घडवलेली होती.

सरकारला दूर ठेवले, हा मुद्दा तर वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे. युनिस्ट 2007 साली राष्ट्रीय संसदेने केलेल्या खास कायद्यातून जन्माला आले. तोपर्यंत कोरियातली राष्ट्रीय विद्यापीठे ही थेट सरकारी कार्यालये होती आणि तेथील प्राध्यापक सरकारी नोकर होते. युनिस्ट हे त्या देशातले पहिले ‘राष्ट्रीय विद्यापीठ महामंडळ’ ठरले, ज्याला स्वतःचे संचालक मंडळ, स्वतःचे वेतनाचे नियम आणि स्वतःचा ताळेबंद असतो. खुद्द सोल राष्ट्रीय विद्यापीठ असे महामंडळ झाले ते त्यानंतर, 2011 च्या अखेरीस. म्हणजे सरकारने जुन्या, वजनदार विद्यापीठावर प्रयोग करण्याआधी तो नव्यावर करून पाहिला. पैसा मुख्यतः केंद्र सरकारचा होता, आणि त्यात उल्सान महानगर व उल्जू परगण्याने वर्षानुवर्षे भर घालण्याची हमी दिली. इमारतींचा मोठा भाग खासगी भांडवलाने बांधला गेला हे खरे, पण तो दान म्हणून नव्हे. सरकारने दीर्घ मुदतीत भाड्याच्या रूपाने ते भांडवल फेडायचे, असा तो करार होता. ‘उद्योगपतींचा पैसा’ या समजुतीचा उगम बहुधा येथेच किंवा पोस्टेकशी झालेल्या गल्लतीत असावा. 2015 साली कायद्यात बदल होऊन युनिस्ट विज्ञान मंत्रालयाखाली, कायस्टच्या पंगतीत आले. तोही सरकारचाच निर्णय होता. येथे सरकार दूर नव्हते, ते जवळच उभे होते. त्याने फक्त रोजच्या कारभाराची दोरी सैल सोडली होती, आणि या दोन गोष्टी एकच समजणे ही या मजकुरातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

इंग्रजीचा मुद्दा मराठी वाचकांना विशेष भावतो, म्हणून त्यावर थोडे अधिक थांबावे लागेल. युनिस्टमध्ये अगदी सुरुवातीपासून वर्ग इंग्रजीतून घेतले जातात, याबद्दल वाद नाही. परंतु तेथे येणारे बहुसंख्य विद्यार्थी कोरियन असतात आणि वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित ते कोरियन भाषेतून शिकलेले असतात. त्यांतले अनेक विज्ञान माध्यमिक शाळांमधून येतात. अशी पहिली शाळा 1983 साली ग्योंगगी प्रांतात निघाली आणि तिची रचनाच हुशार मुलांना लवकर विज्ञान विद्यापीठात पोहोचवण्यासाठी केलेली होती. संकल्पनांचा पाया मातृभाषेत पक्का झालेल्या मुलांना विद्यापीठात इंग्रजीतून शिकवणे ही एक गोष्ट आहे, आणि पहिलीपासून इंग्रजी माध्यम असावे या मागणीला युनिस्टचा दाखला देणे ही सर्वस्वी वेगळी. शिवाय कोरियातही इंग्रजीची सक्ती निर्विवाद नव्हती. कायस्टमध्ये अध्यक्ष सो नाम-प्यो यांनी इंग्रजीतून अध्यापन वाढवले आणि त्याच सुमारास कमी गुण मिळवणाऱ्यांवर शुल्क लादले. 2011 साली काही महिन्यांच्या आत चार विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्यावर त्या संपूर्ण धोरणावर देशभर कठोर टीका झाली आणि गुणांशी जोडलेले शुल्क मागे घ्यावे लागले. यशाच्या कथेत हा भाग कधीच येत नाही.

परदेशी शास्त्रज्ञांबद्दल बोलायचे तर रॉडनी रुऑफ टेक्सासहून, स्टीव्ह ग्रॅनिक इलिनॉयहून आणि बार्तोश ग्रझिबोव्स्की नॉर्थवेस्टर्नहून उल्सानला आले, आणि एवढ्या तरुण विद्यापीठासाठी ही खरोखर मोठी गोष्ट होती. पण त्यांना आणण्यात केवळ विद्यापीठाच्या आकर्षणाचा वाटा नव्हता. 2011 साली सरकारने मूलभूत विज्ञान संस्था स्थापन केली आणि तिची संशोधन केंद्रे वेगवेगळ्या विद्यापीठांत ठेवली. एका केंद्राला वर्षाला 10 अब्ज वॉनपर्यंत निधी, तोही दर वर्षी नवा प्रस्ताव न मागता दीर्घकाळ, अशी ती योजना होती. रुऑफ आणि ग्रॅनिक या केंद्रांचे संचालक म्हणून आले. ग्रॅनिक पुढे अमेरिकेत परतलेही. या काळात युनिस्टचे नाव सर्वाधिक गाजवणाऱ्यांपैकी एक, पेरोव्हस्काइट या विशिष्ट स्फटिकरचनेच्या पदार्थापासून बनणाऱ्या सौरघटांवर काम करणारे सोक सांग-इल, हे मात्र देजॉनच्या सरकारी रसायन तंत्रज्ञान संस्थेतून आलेले कोरियन शास्त्रज्ञ आहेत.

पेरोव्हस्काइटचा उल्लेख आला आहे तर एक निरीक्षण नोंदवतो, कारण माझ्या मते युनिस्टच्या वाढीचे खरे मर्म येथे आहे. या पदार्थापासून सौरघट बनवता येतो हे जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने दाखवले ते 2009 साली, म्हणजे युनिस्ट सुरू झाले त्याच वर्षी. ग्राफीन हा कार्बनच्या एका अणूइतक्या पातळ थराचा पदार्थही तेव्हा नवाच होता आणि विजेवर चालणाऱ्या मोटारींमुळे लिथियम बॅटरीला पुन्हा भाव आला होता. ज्या विषयात कोणाचीच शंभर वर्षांची परंपरा नाही, तेथे नव्या संस्थेला जुन्यांच्या मागे धावावे लागत नाही. युनिस्टने सगळे विषय उघडले नाहीत. वैद्यक, कायदा, मानव्यविद्या यांच्या विस्तारात न पडता पाचेक हजार विद्यार्थ्यांच्या आत राहून मोजकी क्षेत्रे धरली, आणि त्यांतली बॅटरी व पेट्रोरसायने तर शहराच्या उद्योगांशी थेट जोडलेली होती. (याच विद्यापीठात विष्ठेपासून ऊर्जा मिळवून वापरणाऱ्याला डिजिटल नाणी देणारे शौचालय तयार झाले होते. 2021 साली ती बातमी आपल्याकडेही गमतीने पुढे पाठवली जात होती, पण ती याच विद्यापीठाची आहे हे फार थोड्यांच्या लक्षात आले असेल.)

आता ‘देशातले पहिले विद्यापीठ’ या दाव्याकडे येऊ. 2017 साली नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाच्या क्रमवारीत युनिस्ट कोरियात पहिले आले हे बरोबर आहे. तो क्रम कशाचा होता, हे मात्र सांगितले जात नाही. विद्यापीठाच्या एकूण शोधनिबंधांपैकी किती टक्के निबंध आपापल्या विषयातल्या सर्वाधिक उद्धृत दहा टक्क्यांत मोडतात, या एका प्रमाणावर तो आधारलेला होता. हे मोजमाप चांगले आहे, पण ते प्रमाण आहे, परिमाण नव्हे. त्याच तक्त्याची मांडणी एकूण निबंधांच्या संख्येने केली की सोल राष्ट्रीय विद्यापीठ कितीतरी पुढे जाते. प्रतिष्ठेलाही गुण देणाऱ्या क्यूएसच्या जागतिक यादीत युनिस्ट पहिल्या शंभरात नाही, तर सोल राष्ट्रीय विद्यापीठ आणि कायस्ट आहेत. क्रमवारी किती बदलते याचा धडा पोस्टेकने आधीच दिला आहे. टाइम्स हायर एज्युकेशनच्या पन्नास वर्षांखालील विद्यापीठांच्या यादीत ते 2012, 2013 आणि 2014 अशी सलग तीन वर्षे जगात पहिले होते आणि 2010 साली सर्वसाधारण यादीतही अठ्ठाविसावे होते. त्यानंतर काही वर्षांतच ते त्या सर्वसाधारण यादीत शंभराच्या बाहेर गेले. त्या काळात पोस्टेकमधले संशोधन ढासळले असे कोणी म्हणत नाही. उलट 2016 साली तेथील क्ष-किरण मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर पूर्ण झाला, जो जगात मोजक्याच देशांकडे आहे.

राहता राहिला ‘जमीन आणि पैसा मिळाला की झाले’ हा शेवटचा मुद्दा. जमिनीचे म्हणाल तर उल्सानमध्ये विद्यापीठ शहराने मागितले होते. गोव्यात आयआयटीसाठी सत्तरीतल्या मेळावली येथे निवडलेली जागा ग्रामस्थांच्या विरोधामुळे 2021 साली सरकारला सोडावी लागली. हा फरक इच्छाशक्तीचा नसून संमतीचा आहे. शिवाय आपल्याकडे काहीच झाले नाही हे गृहीतकही बरोबर नाही, कारण पुण्याची आयसर ही केंद्र सरकारची विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था 2006 सालची, म्हणजे युनिस्टपेक्षा थोडी मोठीच आहे, आणि तिच्या कामाची नोंद घेण्यासाठी कोरियाचे उदाहरण लागत नाही. पैशाचे म्हणाल तर खुद्द कोरियाचा ताजा अनुभव पाहावा. संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे 5 टक्के खर्च करणाऱ्या, भारताच्या कितीतरी पट पुढे असलेल्या या देशाने 2024 च्या अंदाजपत्रकात संशोधनाचा निधी एकदम सुमारे 15 टक्क्यांनी कापला, आणि त्या फेब्रुवारीत कायस्टच्या पदवीदान समारंभात राष्ट्राध्यक्षांसमोर त्याचा निषेध करणाऱ्या एका पदवीधराला सुरक्षारक्षकांनी उचलून बाहेर नेले. युनिस्टच्याच धर्तीवर, खास कायदा करून, 2022 साली नाजू येथे केंटेक हे ऊर्जा-विद्यापीठ सुरू झाले. जमीन एका बांधकाम उद्योगसमूहाने दिली आणि चालवण्याचा खर्च प्रामुख्याने सरकारी वीज कंपनी केप्कोवर टाकला गेला. त्याच वर्षी केप्कोला कामकाजात 30 लाख कोटी वॉनहून अधिक तोटा झाला आणि 2023 मध्ये केंटेकच्या वाट्याच्या रकमेला कात्री लागली. खास कायदा, जमीन आणि पैशाचे वचन या तिन्ही गोष्टी केंटेकला पहिल्या दिवसापासून मिळाल्या होत्या.