सांगली, विश्रामबाग की मिरज?

सांगलीकराला "गाडी कितीची?" असं विचारून बघा. वेळ कळत नाही, उलट प्रश्न येतो, "कुठनं बसणार?" एका महापालिकेच्या हद्दीत सांगली, विश्रामबाग आणि मिरज अशी तीन स्टेशनं असली की प्रवासाआधीच प्रवास सुरू होतो. त्यातलं विश्रामबाग पॅसेंजरवाल्यांचं. बाकीच्या गाड्या तिथून शिट्टी मारून निघून जातात.

या घोळाचं मूळ इंग्रजांच्या काळात आहे. सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज लाइन पुण्याकडून आली आणि सांगली शहर बाजूला ठेवून सरळ मिरजेला गेली. त्यात 1891 साली कोल्हापूर संस्थानानं आपलं गाव रेल्वेनं मिरजेला जोडून घेतलं. मग सांगली संस्थानानंही स्वतःच्या खर्चानं मिरज ते सांगली असा पाच मैलांचा फाटा टाकला, तो 1907 साली सुरू झाला. पाच मैलांची का होईना, स्वतःची रेल्वे! पुढं 1971 साली ब्रॉडगेज आलं, तेव्हा कुठं सांगली मुख्य मार्गावर बसली. त्यामुळं स्टेशनाच्या बाबतीत मिरजकर आमच्याशी बोलतात ते थोरल्या भावाच्या आवाजात. त्यांच्याकडं एकेकाळी 1676 मिलिमीटरची ब्रॉडगेज, 1000 ची मीटरगेज आणि कुर्डुवाडीकडं जाणारी 762 ची नॅरोगेज, असे तिन्ही रूळ एकाच आवारात होते. गाडी बदलणाऱ्याला आधी रुळाची रुंदी बघून फलाट शोधावा लागे.

आता तिकीट. पुण्या-मुंबईच्या गाडीला सांगलीतून काढलेलं तिकीट वेटिंगवर गेलं, तर पुढं कुठली अक्षरं आलीत ते आधी बघावं. वेटिंगच्या जाती असतात आणि त्या जन्मानं ठरतात. जीएनडब्ल्यूएल, म्हणजे जनरल वेटिंग लिस्ट, ही त्यातली वरची. गाडी जिथून सुटते तिथल्या मोठ्या कोट्यातली, म्हणून लवकर सरकते. मधल्या गावांना बऱ्याचदा पीक्यूडब्ल्यूएल, म्हणजे पूल्ड कोट्याची वेटिंग लिस्ट, वाट्याला येते. अनेक स्टेशनं मिळून एक छोटा कोटा, आणि त्यात रद्द करणारे मोजकेच. वेटिंग 6 असलं तरी शेवटपर्यंत 6 राहू शकतं.

यावर आमच्याकडचा रूढ उपाय असा: तिकीट कोल्हापूरहून, म्हणजे गाडी सुटते तिथून काढायचं आणि बोर्डिंग, म्हणजे चढायचं स्टेशन, सांगली टाकायचं. भाडं थोडं जास्त पडतं, पण जात सुधारते. मात्र बोर्डिंग बुकिंग करतानाच भरावं. ते राहिलं, तर कोल्हापुरात बर्थ रिकामा बघून टीसी 'आला नाही' अशी खूण करतो आणि तो बर्थ आरएसीवाल्याला, म्हणजे अर्ध्या बर्थवर बसून असलेल्याला, देऊन टाकतो. सांगलीत तुम्ही चढता तेव्हा तुमच्या जागेवर पांघरूण घेऊन कुणीतरी झोपलेलं असतं, आणि नियमानं ते बरोबर असतं.

इथं मंडळी हमखास फसतात. बोर्डिंग सांगली टाकून झालं की कुणीतरी मामा सांगतात, "अरे मिरजेला चढ, गाडी जरा जास्त थांबते, सामान नीट चढवता येतं." मामांचा सल्ला चांगला, पण बोर्डिंग सांगली म्हटल्यावर त्याआधी येणाऱ्या मिरजेत चढायचा हक्क संपतो. टीसीनं बोट ठेवलं तर मामा काही दंड भरत नाहीत.

तत्काळचं गणित वेगळं. प्रवासाच्या आदल्या दिवशी एसीचं 10 ला उघडतं, स्लीपरचं 11 ला, आणि एका तिकिटावर चौघंच. पाचवा माणूस असेल तर त्याला घरातच समजवावं, रांगेत नको. वेटिंगवर राहिलेलं ऑनलाइन तिकीट आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. खिडकीवरचं मात्र गाडी सुटायच्या 30 मिनिटं आधीपर्यंत स्वतःहून रद्द करावं लागतं. ही गोष्ट लोकांना 29 मिनिटं उरल्यावर आठवते.

साध्या तिकिटात मात्र मौज आहे. पॅसेंजरचं कमीत कमी भाडं 10 रुपये, एक्स्प्रेसचं 30. म्हणजे सांगली-मिरज पॅसेंजरनं 10 रुपयांत. प्लॅटफॉर्म तिकीटही 10 रुपयांचंच, तेही दोन तासांपुरतं. नुसतं उभं राहायला जेवढे पैसे, तेवढ्यात मिरज! तरी आम्ही रिक्षा नाहीतर वडाप, म्हणजे सीटवर पैसे घेणारी शेअर गाडी, बघतो, कारण पॅसेंजर आपल्याला हवी तेव्हा नसते. रिक्षावाला रात्री मिरजेचं जे भाडं सांगतो, त्यात पुढचा अर्धा प्रवास उरकला असता.

मिरजेचं कौतुक करायचं तर एक मान्य करावं लागेल. 2016 च्या एप्रिलमध्ये दुष्काळी लातूरला इथून पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या खेपेला 10 टाक्या, म्हणजे 5 लाख लिटर, जवळपास 340 किलोमीटर. पाण्याला ना वेटिंग लागलं ना बोर्डिंग. आम्हाला त्याचा हेवा वाटतो.

सांगलीत एक्स्प्रेस थांबते दोन-तीन मिनिटं. डबा कुठं येणार ते इंडिकेटरवर दिसतं, पण गाडी येईपर्यंत त्यावर फार विसंबू नये. डबे उलटे लागले की अख्खा फलाट भडंगाच्या पिशव्या घेऊन दोन्ही दिशांनी पळतो आणि मध्यावर आदळतो. तेव्हा पळू नका. समोर येईल त्या आरक्षित डब्यात चढा आणि आतून चालत जा. जनरलमध्ये मात्र शिरू नका, तिथून पुढं जायचं दार बऱ्याचदा बंद असतं. बॅगा सांभाळत एस-2 पासून एस-9 पर्यंत जाताना वरच्या बर्थवरून डोकी बाहेर येतात आणि विचारतात, "मिरज गेलं का?" गेलं म्हणून सांगा आणि पुढं सरका. थांबलात तर पुढचा प्रश्न येतो, "मग आता चहा कुठं मिळंल?"