चौपट भरपाई आणि एका निनावी वाचकाला उत्तर

सलाम.

'एक विश्वासी' या नावानं आलेली प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, खाली आहे तशीच आहे. ज्यांना तिथवर जायचा कंटाळा, त्यांच्यासाठी सार: पश्चात्तापावरच्या माझ्या मागच्या लेखात भरपाईवर, म्हणजे ज्याचे बुडवले त्याला परत देण्यावर, भर देऊन मी देवाची कृपा सोडली आणि माणसाच्या कृत्यांनी तारण (पापातून सुटका) मिळतं असं शिकवलं, येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोरानं कुणाला काय परत केलं होतं, व्यसनातून पुन्हा घसरणाऱ्यांना मी वाऱ्यावर सोडलं, पाळकांना कुणी हिशेब विचारत नाही, आणि मी 'वहीखातं घेऊन बसलेला परूशी' (येशूच्या काळचा नियमांवर बोट ठेवणारा कर्मठ) आहे.

शेवटापासून सुरू करतो, कारण तुम्हीही तिथंच जास्त रंगला आहात. मतभेद कळवायला परूशी म्हणावंच लागतं का? आमची तिसरी पिढी कोल्हापुरात मंडळीत (चर्चमध्ये) आहे, बाप्तिस्म्याच्या तयारीचे वर्ग घेता घेता माझे केस पिकले. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय मला नवा नाही. त्यातलं आठवं आणि नववं वचन तुम्ही ऐकवलंत, मग दहावं का गाळलंत? तारण कृत्यांनी नाही, हे सांगून झाल्यावर पत्र लिहिणारा प्रेषित पौल लगेच म्हणतो की आपल्याला सत्कृत्यांसाठीच घडवलं आहे. लेखाचं शीर्षक रुक्ष होतं, हे मात्र मान्य. 'पश्चात्तापाचा हिशेब' वाचून कुणालाही सीए आठवेल.

आता तो चोर. हात खिळलेला माणूस काय परत करणार? त्याच्याकडे तोंड तेवढं उरलं होतं. लूकच्या शुभवर्तमानाचा 23 वा अध्याय पुन्हा वाचा. त्यानं सोबतच्या दुसऱ्या चोराला दटावलं, आपली शिक्षा रास्त आहे असं चारचौघांत कबूल केलं, येशूनं काही गैर केलेलं नाही असं सांगितलं, आणि मग मागणं मागितलं. जमण्यासारखं होतं ते सगळं त्यानं केलं. तुमचे-माझे हात मोकळे आहेत, खिशात मोबाइल आहे, बसल्या जागी पैसे पाठवता येतात. त्याच्याआड आपण कशाला लपायचं?

लूक 19 मध्ये हात मोकळा असलेला माणूस भेटतो, श्रीमंत जकातदार जक्कय. कुणाला लुबाडलं असेल तर चौपट परत देतो, असं तो म्हणाला. मोशेच्या नियमशास्त्रात स्वतःहून कबूल करणाऱ्यानं मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा होता (लेवीय 6). चोराकडे जनावर जिवंत सापडलं तर दुप्पट, मेंढरू कापलं किंवा विकलं असेल तर चौपट, बैल असेल तर पाचपट (निर्गम 22). जक्कयाला कुणी पकडलं नव्हतं. वीस टक्के जादा देऊन तो सुटला असता, पण त्यानं पकडलेल्या चोराचा दंड स्वतःला लावून घेतला. शिवाय अर्धी मालमत्ता गोरगरिबांना. म्हणजे शंभरातले पन्नास गेले आणि चौपट भरायची ती उरलेल्या पन्नासातून. लुबाडणूक मालमत्तेच्या साडेबारा टक्के जरी असती, तरी हातात काहीच उरलं नसतं. आणि क्रम बघा: येशू आधी त्याच्या घरी गेला, पैशाची गोष्ट नंतर निघाली. इथं कृपा कुठं सुटली?

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानंही जकातदाराला जकात नाकं सोडायला सांगितलं नाही. ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नकोस, एवढंच. म्हणजे गुळाच्या अडत्याचा बदल काट्यावर दिसायचा आणि दूध गोळा करणाऱ्याचा फॅट लावताना. रविवारच्या गाण्यात तो शोधू नये.

व्यवहारात हे कुठं फसतं? समजा कुणी भिशीचे चाळीस हजार वापरले. अधिक पाचवा हिस्सा आठ हजार, झाले अठ्ठेचाळीस. नेहमीची पळवाट म्हणजे ती रक्कम दानपेटीत टाकणं. पेटीला त्यानं फसवलेलं नसतं. ज्याचे त्याला द्यावेत. तो वारला असेल तर वारसाला, आणि जवळचा नातलगच नसेल तरच देवाच्या कामाला (गणना 5). एकदम जमत नसेल तर हप्ते ठरवून तारखा लेखी द्याव्यात. 'तुम्हाला वाईट वाटलं असेल तर माफ करा' असलं वाक्य काढू नये. काय केलं ते नाव घेऊन सांगावं. समोरच्यानं लगेच माफ केलंच पाहिजे असा हट्टही नको. आणि पैसे द्यायच्या आधी मंडळीत उभं राहून साक्ष तर मुळीच देऊ नये, बुडालेला माणूस मागच्या बाकावर बसलेला असतो. शौल राजानं हेच केलं: पाप कबूल केलं आणि त्याच दमात, वडीलजनांसमोर माझा मान राख म्हणाला (1 शमुवेल 15).

माझ्यावर खरा वार करायचा होता तर तुम्ही यहूदाचं, येशूला धरून देणाऱ्या शिष्याचं, नाव घ्यायला हवं होतं. त्यासाठी घेतलेली तीसच्या तीस नाणी त्यानं परत केली, निर्दोष माणसाला धरून दिलं हेही कबूल केलं, तरी तो ज्याचा घात केला त्याच्याकडे वळला नाही. पैसे परत गेले म्हणजे पश्चात्ताप खरा, असं मी म्हणत नाही, लेखातही म्हटलेलं नाही. पैसे हातात असून ते परत करायची इच्छाच होत नसेल तर तो खोटा, एवढंच म्हणतो. हे दोन वेगळे दावे आहेत. प्रतिक्रिया द्यायची घाई नसती तर तुमच्याही लक्षात आलं असतं.

घसरणाऱ्यांचं म्हणाल, तर अगदी पवित्र माणसाचीही या जन्मी जेमतेम सुरुवातच होते, असं 1563 ची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी (प्रोटेस्टंट शिकवणीचं पुस्तक) सांगते. ते मीही मानतो, पण लेखाचा विषय तो नव्हता. पाळकांच्या हिशेबाचं तुमच्या मंडळीच्या वार्षिक सभेत विचारा. आणि पुढच्या वेळी स्वतःचं नाव लिहा, म्हणजे उत्तर देताना मलाही बरं पडेल.