सलूनवाल्याचं मन मोडू नका

केस रखरखीत झाले म्हणून होटगी रोडच्या नाहीतर जुळे सोलापुरातल्या एखाद्या एसी सलूनमध्ये गेलात, तर पहिलं पथ्य पाळा: घरी डोक्यावरून कोणतं पाणी घेता ते सांगू नका. तसं कुणी विचारत नाही म्हणा. पण चुकून ‘बोअरचं’ म्हणालात तर सगळं निदानच फिरतं, आणि मग साडेआठशेची कंडिशनरची बाटली खपायची कशी?

पाण्याचा विषय घरीही काढू नये. नळ काही दिवसांआड येतो, ते पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला, अंघोळीला बोअर नाहीतर टँकर, अशी आपल्याकडच्या कितीतरी घरांची घडी बसलेली आहे. बादलीच्या कडेचा पांढरा थर रोज दिसतो, गीझरची कॉइल कवच धरून बसते. तेच कॅल्शियम-मॅग्नेशियम केसांवरही बसत असेल, असा संशय मनात आणू नका. आलाच तर शांपूने तपासा; जड, म्हणजे असे क्षार जास्त असलेल्या, पाण्यातही शांपूला बऱ्यापैकी फेस येतो आणि जीव शांत होतो. साबणाने मात्र तपासू नका. पारदर्शक बाटलीत कपभर पाणी घेऊन त्यात अंगाच्या साध्या साबणाचा चिमूटभर कीस टाकला आणि जोरात हलवलं, तर जड पाणी लगेच उघडं पडतं: फेस नावाला, पाणी दुधट आणि वर चिकट साय.

मग कुणीतरी किराणा दुकानातलं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, सुचवेल. कानांवर हात ठेवा. लिटरभर पाण्यात पाव चहाचा चमचा विरघळवायचं, शांपू धुऊन झाल्यावर डोळे मिटून केसांवर ओतायचं, मिनिटभर थांबायचं, मग कंडिशनर लावून धुवायचं आणि शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घ्यायचा. आठवड्यातून एकदा पुरतं. दहा-वीस रुपयांच्या पुडीत कित्येक महिने निघतात, यावरूनच हा उपाय किती हलका आहे ते कळावं. करायचाच असेल तर पाव चमच्याऐवजी दोन चमचे टाका, म्हणजे टाळू चुरचुरेल, केस आणखी कोरडे होतील आणि ‘घरगुती उपायांत काही अर्थ नाही’ असं चारचौघांत सांगता येईल. आरओ मशीनच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी न्हाण्यासाठी साठवणं हाही एक उत्तम मार्ग. गाळून काढलेले सगळे क्षार त्यातच असतात, त्यामुळे ते मूळ पाण्यापेक्षा जड. आणि शॉवरला लावायचा कोळशाचा फिल्टर तर अवश्य घ्या: तो क्लोरीन कमी करतो, जडपणाला हातही लावत नाही.

आता बाटली. ती नेहमी पुढच्या बाजूने वाचावी. तिथे आर्गन, मोरोक्को आणि रेशीम असतं. मागे वळवलीत तर पंचाईत. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, फक्त एक टक्क्याखालचे कसेही मागेपुढे लावता येतात. आर्गन तेलाचं नाव सुगंधाच्या शेजारी किंवा त्याच्याही मागे सापडलं, तर ते बहुतेक वेळा थेंबभरच असतं. महागड्या कंडिशनरच्या सुरुवातीला पाणी, सेटिअरिल अल्कोहोल, बेहेनट्रायमोनियम क्लोराइड आणि डायमेथिकोन दिसेल. मंगळवार पेठेतल्या घाऊक दुकानात दीडशेचा कंडिशनर उचललात, तर बरेचदा हीच मंडळी त्याच क्रमाने भेटतात. म्हणून दोन बाटल्या शेजारी-शेजारी कधी धरू नका. ‘अल्कोहोल’ वाचून मात्र जरूर दचका. हे सेटिअरिल मेणासारखं असतं आणि केस मऊ करतं, पण दचकून स्वस्त बाटली परत ठेवता येते, हा फायदा काय कमी आहे?

रुपया-दोन रुपयांच्या पुड्यांकडे तर बघूच नका. त्याच कंपनीच्या त्याच शांपूच्या बाटलीपेक्षा पुडीतला मिलिलिटर पुष्कळदा स्वस्त पडतो. असं गणित करणाऱ्यांना सलूनमध्ये कॉफी मिळत नाही.

बाटलीने भागलं नाही की केराटिन, म्हणजे केसांतल्याच प्रथिनाच्या नावाने होणारी केस सरळ करायची ट्रीटमेंट. केस मेलेला असतो. तो केराटिन ‘पितो’ वगैरे काही नाही, वर थर बसतो आणि २०० अंशांच्या वर तापलेल्या इस्त्रीने तो पक्का होतो. काही द्रावणांतून त्या उष्णतेत फॉर्मल्डिहाइड निघतं, डोळे झोंबतात, घसा धरतो. ‘फॉर्मल्डिहाइड-फ्री’ लिहिलं की निर्धास्त व्हा. तिथे पुष्कळदा ग्लायऑक्सिलिक ॲसिड असतं आणि त्यानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत, पण ती नियतकालिकं सलूनच्या टीपॉयवर नसतात. नंतर तीन दिवस केस भिजवू नका, असं बजावतात. ही अट पाळायला सोलापूरकराला वेगळा संयम लागत नाही. नळ ती आपोआप पाळतो.

घरीच काही करायची हौस असेल तर मोबाइलवर दिसतं ते करा: खाण्याचा सोडा चोळा, वर लिंबू पिळा. केसांना किंचित आम्लता मानवते. सोडा क्षारधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट, त्याने केसांवरचे खवले उघडतात, आणि निव्वळ लिंबू इतकं आंबट की टाळू सोलवटते. अंडं लावून कढत पाण्याने धुतलंत तर डोक्यातच भुर्जी होते, ती वेगळी विंचरून काढावी लागते.

जवसाच्या वाटेला मात्र जाऊ नका. जवस सोलापुरात चटणीसाठी असतो. दोन मोठे चमचे जवस दीड कप पाण्यात मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं ढवळत उकळला की अंड्याच्या पांढऱ्यासारखा तार धरतो. तो गरम असतानाच जुन्या ओढणीतून पिळावा लागतो, गार झाला तर कापडातून उतरत नाही. ओल्या केसांना सुपारीएवढा लावला तर कुरळे केस छान बसतात, जास्त झाला तर वाळून कोंड्यासारखे पापुद्रे सुटतात. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो, आंबट वास आला की फेकायचा. एवढ्या खटाटोपाने कर्ल जेलचे सहाशे रुपये वाचतात. वाचवून करणार काय?

राहिलं खोबरेल. न्हाण्याआधी लावलेल्या खोबरेलाने केसातलं प्रथिन कमी झिजतं, सूर्यफुलाच्या किंवा खनिज तेलाने तसं होत नाही, असं २००३ साली मुंबईच्या संशोधकांनी दाखवलं. ते मॅरिकोचे, म्हणजे खोबरेल विकणाऱ्यांचेच संशोधक होते, एवढा आक्षेप घेऊन सातशेचं सीरम खुशाल घ्या. छोट्या बाटलीतलं खोबरेल खायचं की डोक्याला लावायचं, यावर करखात्याचा वाद वर्षानुवर्षं चालला आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, केशतेल म्हणून विकलं नसेल तर, त्याला खाद्यतेल, म्हणजे कमी कराचं, मानलं. सप्टेंबर २०२५ पासून केशतेल आणि शांपूवरचा जीएसटीही १८ वरून ५ टक्क्यांवर आला. तरीही स्वस्ताईला बळी पडायचं असेल, तर न्हाण्याआधी दोन तास दोन चमचे पुरे, तेही केसांच्या लांबीला आणि टोकांना. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत ते गोठलं तर बाटली गॅसवर धरू नका, कोमट पाण्याच्या तांब्यात पाच मिनिटं उभी करा.