‘दोनच विमानं’ या रिव्ह्यूबद्दल

नमस्कार भाऊ,

तुमचा रिव्ह्यू रात्री वाचला, बायकोलाही वाचून दाखवला. विमानतळ दाखवतो म्हणून पाच जणांचे ३,००० रुपये घेतले, आत नेलंच नाही, दोनच विमानं दाखवली, मधे टपालाच्या जुन्या गोष्टी सांगून वेळ काढला आणि लेकरांना उन्हात बसवलं, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या कुटुंबाचा रविवार खराब गेला याबद्दल मनापासून माफी मागतो. ऊन लागलं हे खरं आहे. सावलीची नेट एकाच बाजूने बांधली होती.

आत जाण्याचं म्हणाल तर टर्मिनलच्या दारावर सीआयएसएफचे जवान तिकीट आणि ओळखपत्र बघूनच सोडतात. कुठल्याही सहलवाल्याला ते जमणार नाही. फोनवर हे सांगितलं होतं, पण जाहिरातीत ‘विमानतळ सहल’ मोठ्या अक्षरांत आणि ही ओळ खाली बारीक, ही आमची चूक.

पण ‘दोनच विमानं’ हे वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आपली वेळ सकाळी ७ ची होती, नागपूरच्या झिरो माइल मेट्रो स्टेशनवर. बाकीची सहा कुटुंबं पावणेसातलाच आली होती, एक तर काटोलहून. ७:१० ला तुमचा मेसेज आला, ‘निघालोच’. ७:३० ला पुन्हा तोच. सहा घरची लेकरं किती वेळ ताटकळत ठेवायची? शेवटी बायको त्यांना घेऊन मेट्रोने खापरीला गेली आणि मी तुमच्यासाठी थांबलो. तुम्ही ८:०५ ला आलात. तर्री पोहे खायला थांबलो होतो, हे तुम्हीच सांगितलंत. माझी त्याला हरकत नाही, लहान लेकरं उपाशी राहू नयेत. पण तुमची मेट्रो हुकली म्हणून मी तुम्हा पाचही जणांना माझ्या स्वतःच्या गाडीतून नेलं. त्याचे वेगळे पैसे मागितले नाहीत, रिव्ह्यू वाचेपर्यंत कोणाला सांगितलंही नव्हतं.

आपण विमानं बघायच्या शेतावर पोचलो तेव्हा ८:४० झाले होते. त्याआधी पाच विमानं होऊन गेली होती. विमानांना आपली सवड कळत नाही भाऊ. आम्ही ७ ची वेळ ठेवतो ती उगाच नाही. सकाळी विमानं एकामागून एक येतात, मग मधे बराच वेळ काहीच नसतं. त्या दिवशी दिल्लीकडे धुकं होतं, त्यामुळे तो खंड आणखी लांबला. बाकीच्या कुटुंबांनी आठ विमानं पाहिली. तुमच्या वाट्याला तीन आली.

दोन नाही, तीन. तिसरं आलं तेव्हा तुम्ही गाडीत बसून फोनवर बोलत होतात, म्हणून तुम्हाला ते दिसलं नाही. तुमच्या मुलाने पाहिलं. प्रत्येक लेकराला आम्ही एक कार्ड देतो, विमान दिसलं की त्यात वेळ आणि खूण करायची. त्याचं कार्ड माझ्या गाडीच्या सीटवर राहिलं, ते माझ्या समोर आहे. त्याच्या हातचं लिहिलंय: ‘मोठं, मोठं, पंखेवालं.’ पंखेवाल्याखाली त्याने पेन्सिलने चार पात्यांचा पंखाही काढलाय. विमान टेकताना चाकातून धूर का निघतो, हे विचारणारा त्या दिवशी तो एकटाच. मी त्याच्या हातात दुर्बीण दिली आणि सांगितलं, हवेत चाक थांबलेलं असतं, जमिनीला लागल्याबरोबर एकदम गरकन फिरायला लागतं, रबर घासतं, त्याचा तो भपका. मग धावपट्टीवर ३२ का लिहितात तेही सांगितलं: ३२० अंश दिशा, शेवटचं शून्य गाळायचं. त्याने पट्कन विचारलं, मग दुसऱ्या टोकाला काय? मी म्हटलं तूच काढ. त्याने बोटांवर मोजून १४ सांगितलं. मला खूप आनंद झाला होता.

आता टपालाचं. वेळ काढायला सांगितलेली गोष्ट नव्हती ती. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास, चारही बाजूंची विमानं मध्यरात्री आपल्या नागपुरात भेटायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि उजाडेपर्यंत आपापल्या गावी परत. देशाच्या मधोमध आपणच, म्हणून इथेच. माझे वडील टपाल खात्यात होते, त्या थैल्या त्यांनी उचलल्या आहेत. सोनेगावच्या विमानतळावरून पहाटे घरी आले की त्यांच्या स्वेटरला लाखेचा वास यायचा. मुलांना हे नुसतं तोंडी सांगत नाही. शेताच्या धुऱ्यावर चुन्याने मधलं नागपूर काढतो, चार पोरांना चार थैल्या देतो. प्रत्येकाकडे तीन गावांची तीन पत्रं, नागपुरात बदलायची आणि आपल्या गावाची तीन घेऊन परतायचं. तुमची धाकटी मद्रास झाली होती आणि थैली सोडायला तयार नव्हती.

पैशांचंही एकदा सांगतो. मेट्रोचं तिकीट, नाष्टा, जेवण, ट्रॅव्हलर, शेतमालकाला जागेचे, दुर्बिणींची देखभाल, सगळं जाऊन माणशी ६०० मधले फार थोडे हाती राहतात. आम्ही दोघंच हे चालवतो. तुमचा रिव्ह्यू आल्यापासून पुढच्या रविवारची दोन बुकिंग रद्द झाली.

पुढच्या वेळेपासून आत प्रवेश नाही हे वरच ठळक लिहू, वेळेचंही लिहू. सावलीचं बघतो, काहीतरी करतोच.

तुम्ही दिलेला एक स्टार काढून टाका असं म्हणत नाही. तो तुमचा अधिकार आहे. फक्त ‘दोन’च्या जागी ‘तीन’ करता आलं तर करा. मुलाचं कार्ड आमच्या दुकानात ठेवलंय, सोमवार सोडून केव्हाही घेऊन जा. मुलाला सोबत आणा. त्या दिवशी हुकलेल्या पाच विमानांच्या वेळा मी त्याला लिहून देईन.