ठोकून बघणारी पार्टी

"साहेब, तुम्ही घर घ्यायला आला आहात की पाडायला?" असे मला गेल्या रविवारी एका गृहस्थांनी भर दिवाणखान्यात, माझ्या पत्नीच्या आणि एजंटच्या देखत विचारले, आणि ते दोघेही हसले. एजंटचे हसणे मी समजू शकतो, कारण तो त्याच्या धंद्याचा भाग आहे. पत्नीशी या विषयावर अजून बोलणे झालेले नाही. मुद्दा असा, की विचारणाऱ्या गृहस्थांचा त्या घराशी काडीचाही संबंध नव्हता. ते मालक नव्हते, मालकाचे नातेवाईक नव्हते, दुसरे गिऱ्हाईकही नव्हते. ते शेजारी होते.

उपनगरातली जुनी, रुळलेली वस्ती आणि तिथे एका कुटुंबाने मुले परगावी स्थायिक झाल्यावर विकायला काढलेले बैठे घर, एवढी पार्श्वभूमी पुरेशी आहे. मी मात्र नुसता "हवेशीर आहे हो" म्हणून परतणाऱ्यांपैकी नसल्यामुळे पुरेसा अभ्यास करून गेलो होतो. जमिनीतून भिंतीत चढणारी ओल सहसा १ मीटरच्या वर जात नाही आणि जिथे ती थांबते तिथे पाणी उडून जाऊन क्षारांची पांढरट रेघ, म्हणजे लोणा, मागे राहतो. डाग वरून खाली उतरत असेल तर छत गळते. आणि ऐन उन्हाळ्यातही जो सुकत नाही, त्याच्या मागे बहुधा फुटका पाइप असतो. गिलाव्यावरच्या केसासारख्या भेगांनी घाबरू नये, पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, नख आत शिरेल एवढी भेग दिसली तर पाया एका अंगाने खचला आहे का, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे. फरशी नाण्याने वाजवावी. नीट बसलेली असेल तर आवाज भरीव येतो, खालचा मसाला सुटला असेल तर पोकळ. मी वाजवत होतो ती फरशीच, आणि त्यावरूनच तो प्रश्न आला.

त्याआधीचा प्रसंग असा. दिवाणखान्याच्या तीन भिंती आपापल्या वयाप्रमाणे पिवळट झालेल्या होत्या आणि चौथी दुधासारखी पांढरी होती, शिवाय तिला टेकून एक भलेमोठे कपाट उभे होते. मी कारण विचारताच एजंटने एक क्षणही न दवडता सांगितले, "ती हायलाइट केली आहे, सर." मी गुडघ्यांवर बसलो, मोबाइलचा उजेड कपाटाच्या मागे टाकला आणि हात घातला. रंगाला लिंबाएवढा फुगा आला होता. नखाने टोचल्यावर तो फुटला आणि ओलसर पांढरी भुकटी माझ्या मनगटावर सांडली. मी मोठ्या विजयाने मागे वळलो, तर दारात काका उभे.

त्यांना काका म्हणावे अशी सूचना एजंटनेच डोळ्यांनी केली. त्यांच्या हातात झाडांना पाणी घालायची नळी होती, नळीचे दुसरे टोक कुंपणापलीकडे त्यांच्याच नळाला होते आणि पाणी चालू होते, त्यामुळे आमचे सगळे संभाषण दारातल्या पायरीवर धार पडत असताना झाले. पहिला प्रश्न त्यांनी आम्ही कोण, हा विचारला नाही, तर गाडी आहे का, असा विचारला. आहे म्हटल्यावर ती कुठे लावणार, असे विचारले. मी साहजिकच फाटकाच्या आत, म्हणालो.

"तिथे माझी लागते," काका म्हणाले.

"पण काका, हे अंगण या घराचे आहे ना?"

"अंगण घराचेच आहे. गाडी माझी लागते."

या वाक्याला उत्तर नसते. मी विषय बदलून भिंतीची ओल दाखवली, तेव्हा काकांनी आजारी नातेवाइकाची तब्येत सांगावी अशा आवाजात सांगितले की ती भिंत पहिल्यापासून तशीच आहे, तिला फार त्रास देऊ नका. तिच्या पलीकडे काय आहे, असे मी विचारले. पलीकडे काकांचा वाफा होता. भिंतीला अगदी लागून. तीस वर्षे रोज सकाळ-संध्याकाळ ते त्याला पाणी घालत होते.

"मग ओल तिथूनच येत असेल," मी म्हणालो.

काकांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. "तीस वर्षांत," ते म्हणाले, "असे कोणी बोलले नाही."

मग कुंपणावरच्या झाडाचा विषय निघाला, कारण मोठ्या झाडाची मुळे त्याच्या फांद्यांच्या घेरापलीकडेही कितीतरी दूर पसरतात आणि सांडपाण्याच्या पाइपाचा एखादा सांधा ढिला असला की ओलाव्याच्या ओढीने आत शिरून तो तुंबवतात, हे मला ठाऊक होते. झाड कोणाचे, एवढेच मी विचारले. खोड काकांच्या हद्दीत असल्यामुळे झाड काकांचे होते आणि दुपारी त्यांच्याच ओट्यावर पडत असल्यामुळे सावलीही काकांची होती. पाने मात्र वाऱ्याची होती, आणि वारा त्यांच्याकडून इकडे वाहत असल्याने ती झाडणे हे या घराचे काम होते. मुळांबद्दल त्यांनी "जमिनीखालचे कोणी पाहिले आहे?" एवढेच म्हटले. त्यानंतर आमची मुले कोणते वाद्य शिकतात का, आमच्याकडे पाहुणे मुक्कामाला येतात का आणि आम्ही रात्री फर्निचर सरकवतो का, अशी चौकशी झाली. रात्री फर्निचर सरकवणारी कुटुंबे असतात, हे मला तेव्हाच कळले.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की विकणाऱ्याला मालाविषयी जे माहीत असते ते घेणाऱ्याला माहीत नसेल, तर चांगला माल बाजारातून हटत जातो आणि टाकाऊ तेवढा उरतो. या विषयावरच्या कामासाठी त्यांना २००१ साली नोबेलही मिळाले. त्या मांडणीत विकणारा आणि घेणारा असे दोघेच आहेत. मालकापेक्षा जास्त माहिती असलेला, त्यातली एकही न सांगणारा आणि वर घेणाऱ्याचीच उलटतपासणी करणारा तिसरा माणूस नळी घेऊन दारात उभा असेल, तर बाजाराचे काय होते, हे कोणी तरी लिहायला हवे.

कारण गंमत बाजूला ठेवली तर राग याचाच येतो. साधा मिक्सर घेताना दुकानदार तो लावून, फिरवून दाखवतो. घर हा बहुतेकांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा व्यवहार, त्यासाठी मिळतो अर्धा तास, तोही भर दुपारी सगळे दिवे लावलेले असताना, आणि त्या अर्ध्या तासात तुम्ही कपाट सरकवायला सांगितले की तुम्ही संशयी ठरता. मी नळ सोडून पाहिला तर एजंट म्हणाला, "पाणी फुल आहे, सर." गच्चीवरची टाकी नळाच्या जेमतेम ३ मीटर वर असेल, तर दाब ०.३ बारच्या पलीकडे जाऊ शकत नाही. हे मत नसून मोजमाप आहे. वायरिंग कधी बदलले, असे विचारले तर "कधी काही झाले नाही" असे उत्तर आले. स्वयंपाकघराच्या तुळईखाली सिमेंटचा पापुद्रा निघून आतली गंजलेली सळई दिसत होती. लोखंड गंजले की फुगून मूळच्या दुपटीहून जास्त जागा घेते आणि बाहेरचे काँक्रीट फोडते, म्हणजे हा नुसता रंगाचा प्रश्न नाही, असे मी म्हणालो, तेव्हा पत्नीने हळूच माझी बाही ओढली. मागची गॅलरी बंद करून केलेली खोली मंजूर नकाशात आहे का, हे विचारायचे त्यामुळे राहूनच गेले. त्या खोलीतल्या उजेडाचे मात्र पत्नीने मनापासून कौतुक केले, आणि उजेड खरोखरच चांगला होता. माझ्या डोक्यात ते घर अजून आहे, हीच अडचण आहे.

मग मी फरशी वाजवायला घेतली, आणि पुढचे वर आलेच आहे. निघताना फाटकाशी काकांनी एजंटला बाजूला घेतले. आवाज हळू करण्याची सवय त्यांना नसावी. "हे नकोत," ते म्हणाले, "फार ठोकून बघतात. मागच्या रविवारचे ते जोडपे बरे होते. काही बोललेच नाहीत."

घरी आल्यावर मी एजंटला सविस्तर संदेश पाठवला. त्यात वायरिंगचे वर्ष, सांडपाण्याच्या पाइपाचा मार्ग, घरावर कर्जाचा बोजा आहे का, गॅलरीला मंजुरी आहे का, तुळई इंजिनिअरला दाखवली आहे का आणि अंगणातल्या गाडीची कायदेशीर स्थिती काय, असे सहा मुद्दे क्रमवार मांडले होते. एजंटने तो चार मिनिटांत वाचला आणि उत्तरादाखल एक अंगठा पाठवला.